छप्पर नसलेली अक्षरं

आडगाव नाक्यावर मी ट्रकच्या पाठीवर लिहितो.
आईचा आशीर्वाद, हॉर्न ओके,
मालकाच्या धाकट्याचं नाव दोन गुलाबांच्या मधे.
फ्लेक्स आले तशा दुकानांच्या पाट्या गेल्या,
ट्रक तेवढे अजून हाताला येतात.

हर्षालीचा पेपर तेवीस तारखेला.
हॉल तिकिटावर, भाषेच्या रकान्यात
कारकुनाने छापलंय: इतर.
अख्ख्या केंद्रात इतर ही एकटीच.
म्हणते, बरंय, कॉपी करायला कुणी नाही,
पुरवायलाही नाही.

रात्री अकरानंतर घरात कोरिया असतो.
फ्रिजवर, आरशावर, डब्यांच्या झाकणांवर चिठ्ठ्या.
तिची आई चिठ्ठी न उचकटता
डबा भोवतीभोवतीने पुसते,
आणि मीठ कुठलं ते चाखून ठरवते.

कार्डं धरायचं काम माझं.
नुन?
डोळा.
चूक. इथे बर्फ लिहिलंय.
दोन्ही, पप्पा. कुठला ते ओळ सांगते.
बे?
पोट. होडी. नासपती.
आमच्या वेळी बे एके बे, एवढंच होतं, मी म्हणालो.
ती हसली नाही. बेचाळीस कार्डं उरली होती.

धड्यात एक कविता आहे, तीन ओळींची.
बर्फ पडतोय, आणि दार कुणी उघडत नाही.
दोन ओळी सरळ चालतात, तिसरी वळते.
द्वारका सर्कलला वळतात तशी?
नाही हो. हळू. वळली ते नंतर कळतं.
बर्फ तिने फ्रिजरमधलाच पाहिलेला,
म्हणून जानेवारीत, निफाडचा पारा पाचावर उतरला तेव्हा
पहाटे गाडीवर बसवून मखमलाबादच्या बागांकडे नेली.
शेकोट्यांचा धूर द्राक्षवेलींखाली दाटलेला.
तिने एका पानावरचं पांढरं नखाने खरवडलं.
दव आहे, पप्पा.
गोठलं तर?
तर पाच मार्कांचं.

परवा ड्रॉइंग पेपर पुढे केला.
क्रियापदांच्या शेपट्या मोठ्या अक्षरांत हव्या होत्या:
थोरांशी बोलताना ही, मैत्रिणीशी ही,
न ओळखणाऱ्याशी ही.
क्रियापद त्यांचंही आपल्यासारखं शेवटी,
म्हणजे वाक्य संपेपर्यंत समोरच्याला थांबावं लागतं.
मी काळा रंग घोटला. ती सांगत होती,
हा कोपरा म्हणजे जिभेचं मूळ, हा जिभेचा शेंडा,
चौकोन म्हणजे तोंड, गोल म्हणजे घसा.
तीस वर्षं अक्षरं काढली,
ती कुणाच्या तोंडातली ते कधी विचारलं नव्हतं.
पहिला शब्द झाला आणि हाताने आपणहून
वरून सरळ रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
पप्पा, यांना छप्पर नसतं!
टर्पेंटाइनने पुसली. करडा पट्टा राहिला.
राहू दे, म्हणाली, वेळ नाही.

निबंधात तिने लिहिलेलं: माझे वडील रंगारी आहेत.
बाईंनी 'माझे' लाल केलं.
तिकडे वडील आमचे असतात, आई आमची,
घर आमचं, एकुलती एक असली तरी.
आपल्याकडेही, मी म्हणालो, आमचे पप्पाच म्हणतेस की तू.
मग त्यांच्यात आमचे म्हणजे काय?
उरी.
मी कार्ड खाली ठेवलं.
अगं, मराठीत उरी म्हणजे...
माहितीये, ती म्हणाली, वहीतून मान वर न करता.
पुढचं विचारा.

तेवीसला तिला केंद्रावर सोडून नाक्यावर आलो.
टँकर उभा होता. मागे आशीर्वाद लिहून झाला.
मग खाली, मडगार्डच्या आत, जिथे चिखलच उडतो,
बारीक ब्रशने काढलं: एक गोल,
त्याखाली आडवी रेघ, रेघेला खाली देठ,
शेजारी नागमोडी वळण आणि उभी काठी.
वरची रेघ द्यायला हात उचलला होता. आवरला.
हे काय, ड्रायव्हरने विचारलं.
आमचा मार्क आहे, म्हणालो.
टँकर धुळ्याकडे निघाला तेव्हा साडेअकरा झाले होते,
तिचे दोन प्रश्न तरी झाले असतील.