नऊ पूर्णांक दोन

नर्सबाईंनी लिहिलं:
रोशनी वेळीप, नववी,
रक्त नऊ पूर्णांक दोन.
सकाळी काय खाल्लंस?
पेज म्हणायला जीभ वळेना.
म्हटलं, पाव.

खरं तर काहीच नाही.
नेत्रावळीहून बस साडेसहाला,
आणि मधल्या सुट्टीत पाच रुपयांचं
तिखट पाकीट, तिघींत.

विज्ञानाच्या पेपरात मात्र
लोह कशात असतं, याला
नाचणी, टायकिळा, अळू लिहून
पुरते गुण घेतलेत मी.

आई कणगां खणून आणते, चुलीत भाजते,
राख झटकून पुढे करते.
मी म्हणते, बोटांना वास राहतो
वर्गात.

आज लाल गोळ्यांची पट्टी घरी आणली.
आईनं ती दिव्यापाशी धरली,
बराच वेळ.
एवढ्यानं होतं?
आणि उठताना
भिंतीला हात टेकला.

तिचं रक्त कुणी मोजलंय का,
कुणाला विचारायचं?
मी कणग्याची साल काढत बसले.