शेंगांचा व्हिसा

इटलीचा नकाशा अजून डॅशबोर्डवर आहे.
जेनोवापासून खाली, किनाऱ्याकिनाऱ्यानं,
सुदीपनं हिरव्या पेननं आखलेला:
इथे मासळी, इथे पांढरी वाइन, इथे मुक्काम.
रेघ समुद्राला इतकी खेटून
की दोन ठिकाणी पाण्यातूनच गेलीय.

शालनआत्याला शेंगेन म्हणता येत नाही.
शेंगांचा व्हिसा म्हणते ती.
तो आला नाही. कागद आला,
एका चौकोनात फुली:
अर्जदार परत जाईल याची खात्री पटत नाही.
वेंगुर्ल्याच्या तारऑफिसात चौतीस वर्षं
एकाच खुर्चीत बसलेल्या बाईबद्दल.

म्हणून मग केंट.
क्रॉयडनहून सकाळी सातला,
मागच्या सीटवर रेणू, आत्या,
आत्याचा लिमलेटच्या गोळ्यांचा डबा
आणि मधे, कुणीच विषय न काढलेली इटली.

व्हिट्स्टेबलच्या धक्क्यावर बर्फात मांडलेले ऑयस्टर.
"कालवां ही!"
आत्या इतक्या जोरात म्हणाली
की रांगेतला कुत्रा उठून उभा राहिला.
सहांचे अठरा पौंड.
तिनं मनात गुणाकार केला, मग परत केला,
मग तो माणूस सुरी कशी फिरवतो ते बघत राहिली.
स्वतःच्या डाव्या अंगठ्यावरचा व्रण तिनं त्याला दाखवला,
नऊ वर्षांची असतानाचा, खडपावरचा.
त्यानं हातमोजा काढून आपला दाखवला.
बस्स, एवढंच संभाषण.
पहिलं कालव लिंबू पिळून, डोळे मिटून.
"खोबरां होयां होतां," म्हणाली
आणि उरलेली पाचही संपवली.
रेणू अजून सांगते सगळ्यांना.

दुपारी टेंटरडनच्या अलीकडे द्राक्षमळा.
तिथली मुलगी समजावत होती,
या डोंगररांगेत खाली सगळा खडू,
म्हणून चवीला धार येते.
मी मराठीत सांगितलं.
"खडूत? मग वेलाला अक्षरं लागायला हवीत."
घोट घ्या, जिभेवर घोळवा, बादलीत थुंका.
आत्यानं बादलीकडे पाहिलं,
उशिरा आलेल्या तारवाल्या पोराकडे पाहावं तसं.
"बारा पौंड मोजून चूळ भरूची?"
गिळली. थांबली.
"आमसुलासारखी आहे. पण शिकलेली."
सुदीपला गाडी चालवायची होती,
त्याचा ग्लासही तिनं आपल्याकडे ओढला.

संध्याकाळी सेंट मार्गरेट्स बेला, पांढऱ्या कड्याच्या पायथ्याशी,
व्हिनेगर मारलेले चिप्स, कागदातून हात भाजत.
आत्याचा फोन थरथरला:
फ्रान्समध्ये आपलं स्वागत.
पलीकडचा टॉवर इथे चुकून पकडतो, सुदीप म्हणाला.
रेणू टाळ्या पिटत नाचली,
आत्या पोचली! आत्या व्हिसाशिवाय पोचली!

आत्या हसली नाही.
चष्मा लावून तिनं शब्द मोजले,
बोटांच्या पेरांवर, जुन्या सवयीनं.
"तीन. पाठवणाऱ्याचं नाव नाही."
मग समुद्राकडे बघत,
"अशी एक आली होती. बिननावाची, माझ्याच नावावर.
मीच घेतली, मीच सही केली."
"कुणाची होती?" रेणू.
"चिप्स गार होतायत."

धुकं नव्हतं. पलीकडे दिवे लागत होते,
कॅले असावं, किंवा नुसतीच एखादी बोट.

परतीला आत्या झोपली नाही.
लिमलेटचा डबा मांडीवर, गोळ्या संपलेल्या,
आत सहा शिंपले, प्रत्येक वळणावर खुळखुळणारे.
तिच्या फोनमधलं घड्याळ, का कोण जाणे,
अॅशफर्ड मागे पडलं तरी एक तास पुढेच होतं.
सुदीप म्हणाला, द्या, नीट करतो.
तिनं फोन पदराखाली घेतला.