ऐन

मुहर्रक. तळमजल्यावरची खोली,
एसीचं पाणी बादलीत टिपटिपतंय.
टेबलावर पत्रक क्रमांक सात,
कापडावर चिकटवलेलं,
घड्यांवरची शाई उडून गेलेली.
माझं काम साधं. जुना नकाशा नव्यावर बसवायचा.
त्यासाठी चार खुणा हव्यात,
तेव्हा होत्या तिथेच आज असलेल्या.

एक मिनार सापडला.
एक कबरस्तान. मेलेले बरे, जागा सोडत नाहीत.
तिसरा बुरूज, दुरुस्तीत चार हात सरकलेला,
तरी घेतला.
चौथीपायी दुपार गेली.

किनारा तर कुठल्या कुठे!
नकाशात निळं आहे तिथे शाळा, पेट्रोलपंप
आणि मी राहतो ती सहा मजली इमारत.
माझ्या स्वयंपाकघराच्या जागी बारीक आकडा: दोन.
दोन वाव पाणी.
दोन्ही हात पसरून मावते तेवढी एक वाव,
हर्णैला दोरी अजून अशीच मोजतात.

आकड्याशेजारी चांदणी,
आणि तिरक्या अक्षरांत: गोडं पाणी.
भर समुद्रात?
छापखान्याची चूक समजून
मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.

मरझूक चहा घेऊन आला.
निवृत्तीला दोन महिने उरलेला शिपाई.
कपाळावरचा चष्मा खाली ओढून म्हणाला,
"हे ऐन सुवैदा.
माझा आजा इथे पखाल घेऊन बुडी मारायचा,
तळाच्या झऱ्याला तोंड लावून भरायचा.
मोत्यांच्या होड्या हेच पाणी प्यायच्या.
मोती मालकाचे.
पाणी कुणी वहीत लिहिलं नाही."

"आणि आता?"

"आता वर तू राहतोस."

ऐन म्हणजे झरा, तो म्हणाला, आणि डोळाही.
आमच्याकडे ऐन म्हणजे नेमकी वेळ,
बहुतेकदा हुकलेली.
हे त्याला सांगायला गेलो,
पण चहा निवत होता, आणि त्याची नमाजची वेळ झाली.

संध्याकाळी संगणकाने हिशेब दिला.
चूक: सत्तेचाळीस मीटर.
कोणाची, ते विचारायची सोय त्यात नाही.
मी प्रश्नचिन्ह खोडलं.
कागद तिरका धरला
तर अजून दिसतं.

घरी पाण्याचा बाटला संपला होता.
तिसऱ्या मजल्यावर, त्या आकड्याच्या बरोबर वर,
नवा उचलून उलटा बसवला.
एक मोठा बुडबुडा
खालून निघाला,
सावकाश.