अकर्मक

पान एकशे बारा, ओळ चौथी.
नदीचं वाक्य आहे, सहा शब्दांचं.
पाच मला येतात.
सहावा आहे रॉइल.
मोबदला शब्दामागे एक रुपया दहा पैसे,
आणि हे एक रुपया दहा पैसे
गेले चार दिवस मी कमावते आहे.

कर्वेनगरात, दुसऱ्या मजल्यावर,
भिंतीपलीकडे शेजारणीचा मिक्सर थांबला की
एकेक शब्द वाक्यात घालून बघते,
दुकानात चप्पल घालून
दोन पावलं चालून बघावं तशी.

खळबळली? नको.
खळबळ आता नुसती उडते,
तीही परिसरात, पेपराच्या तिसऱ्या पानावर.
घुसळली म्हणावं तर रवी कुठाय?
शिवाय या गावात घुसळण वैचारिक असते:
शनिवारी साडेपाचला सुरू,
सातला आभार, मग इडली-चटणी.
लोणी अजून कोणी पाहिलेलं नाही.
उसळली म्हटलं की नदी उभी राहते.
खदखदायला खाली जाळ हवा.
हिंदकळते ती कळशी,
डचमळतं ते पोट, कात्रजच्या घाटात.

ढवळली, असं लिहून पाठवलं
तर विनताताईंचा फोन:
"कोणी?"

इंग्रजीत हे क्रियापद दोन्ही घरी जेवतं,
सकर्मकाकडे आणि अकर्मकाकडे,
आणि कुठेच ताट उचलत नाही.
आमच्याकडे पाणी गढूळ दिसलं
की आधी विचारतात,
उतरलं कोण होतं?

मंगळवारी शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात
समुपदेशक बाईंनीही तेच विचारलं.
नेमकं काय झालं. सुरुवात कुणी केली.
फॉर्मवर कारणासाठी दीड ओळ.
मी निरंजनकडे पाहिलं, निरंजनने पंख्याकडे.
मारहाण नाही, बाटली नाही, दुसरं माणूस नाही.
एकोणीस वर्षं,
आणि कधीतरी चहा गाळताना
तळाचं सगळं वर आलेलं.
"विचार करून लिहा," बाई म्हणाल्या,
आणि पुढच्या जोडप्याला हाक मारली.

निरंजन रिक्षाने गेला. मी चालत.
खडकवासल्यातून सोडलं होतं,
नदीकाठचा रस्ता बंद,
डेंगळे पुलावर लोक मोबाइल उंच धरून उभे.
कठड्याशी एक म्हातारे, यशवंत तारू,
(नाव नंतर कळलं, जाळी विणायचे म्हणे)
छत्री काठीसारखी टेकून
मोबाइलशिवाय बघत होते.

मी विचारलं, हे पाणी असं करतंय,
याला काय म्हणता तुम्ही?
"कसं?"
मी हात हवेत फिरवला.
त्यांनी पाण्याऐवजी माझ्या हाताकडे पाहिलं.

"डहुळलंय."

कोणी डहुळलं?

हसले. वरचे दोन दात नव्हते.
"कोन कशाला लागतंय?
वरनं नवं पानी आलं
की तळाचं जागं होतंय. आपसूक.
दोन दिस हात लावायचा न्हाई.
मंग बसतंय खाली."
मग बराच वेळ काही बोलले नाहीत.
एक प्लास्टिकची खुर्ची वाहत गेली,
पाठीवर पडलेली, पाय वर.
"पन त्याच जाग्याला न्हाई बसत," म्हणाले,
आणि छत्री उचलून निघाले.

रात्री वाक्य पूर्ण केलं.
विनताताईंनी समासात पेन्सिलने लिहिलंय:
ग्रामीण? वाचकाला कळेल?
मी तो खोडलेला नाही.

फॉर्म टेबलावरच आहे,
शब्दकोशाखाली, उडू नये म्हणून.
दीड ओळ अजून कोरी.
तिथे शब्द मागितलेला नाही,
कारण मागितलंय.