आतली कडी

तीस वर्षं मी बेदाण्याला थंडी घातली.
तासगाव रोडची स्टोरेजं, चार डिग्री,
बाहेर मे महिना, आत स्वेटर,
आणि माल दुसऱ्याचा.
रिटायर झालो तेव्हा मंदा म्हणाली, आता काय?
म्हटलं, एक खोली बांधतो. आपल्यासाठी. बियरची.
ती कणीक मळत होती.
मळतच राहिली.

कुपवाडच्या भंगारात पॅनेल मिळाले,
बंद पडलेल्या कुठल्या आइस्क्रीमवाल्याचे,
एकावर अजून अर्धा आंबा छापलेला.
सहा बाय आठ, स्कूटरच्या शेडची जागा.
जमिनीला उतार दिला अंगठ्याएवढा,
कारण थंडी घाम गाळते
आणि घामाला वाट लागते.

सांध्यात सिलिकॉन भरत होतो
तर मगदूम गुरुजी भिंतीवरून:
"परमिट रूम काढताय म्हणे?"
पक्का जैन माणूस, कांदा दारातून आत येत नाही.
म्हटलं, परमिट खिशात आहे गुरुजी, रूम तेवढी बांधतोय.
हसले नाहीत.
दुसऱ्या दिवशी स्वतः लेव्हल घेऊन आले.
"आमच्या घरात स्पिरिट एवढंच," म्हणाले,
"चौकट पूर्वेला झुकलीय तुमची."

दाराला आधी आतली कडी बसवली.
बाहेरची नंतर.
सुतार म्हणाला, उलटं का?
मी स्क्रू मोजत राहिलो.

तांब्याच्या नळ्या जोडल्या, नायट्रोजन भरला,
आणि रात्रभर काट्याकडं बघत बसलो.
काटा हलला नाही.
माणसाबद्दल असं छातीठोक सांगता येत नाही.

नळ तीन. दांडे मिरजेचे,
सतारमेकरांच्या गल्लीत पडून राहिलेल्या खुंट्या,
ज्यांना तार कधी लागलीच नाही.
पॉलिश मारून देताना पोरगा म्हणाला,
"काका, पिळू नका, ओढा. होईल सवय त्यांना."

पुतण्यानं पुण्याहून पिंप आणलं.
पहिला ग्लास फेस. दुसरा फेस. बादलीभर फेस.
सिलिंडरचा दाब उतरवला, चढवला, पुन्हा उतरवला.
मग कळलं, नळी आखूड आहे.
पाच फुटांची दहा केली, वेटोळं घालून टांगली.
घाई जिरवायची तर वाट लांब करावी लागते,
हे मला एकसष्टाव्या वर्षी
एका नळीनं शिकवलं.

तिसऱ्या नळाला ताक. मंदाची अट.
आलं-जिरं घालून, तीनदा गाळून.

उद्घाटनाला दिलावर नदाफ आला.
सत्त्याण्णव साली, एका शनिवारी संध्याकाळी,
स्टोरेजचं दार मी बाहेरून लावलं,
तेव्हा तो मागच्या रांगेत बॉक्स मोजत होता.
आतली कडी महिनाभर मोडलेली.
सोमवारी बघू, असं मीच म्हणालो होतो.
रविवारी दहाला दार उघडलं
तर पोती अंगावर ओढून बसलेला,
आणि आकडा तोंडपाठ: चारशे बारा.
दोन बोटं त्याची अजून हिवाळ्यात बधिर होतात.
दार कुणी लावलं, हे त्यानं कधी विचारलं नाही.
म्हणजे त्याला माहीत होतं.

तो पीत नाही.
दाराशी उभा राहिला, पॅनेलवरचा अर्धा आंबा बघितला,
बोटानं रबर दाबून बघितलं.
मग आत गेला
आणि दार स्वतःच ओढून घेतलं.

आम्ही बाहेर, रिकामे ग्लास घेऊन.
कॉम्प्रेसर घरघरत होता.
मी मनात मोजत होतो, कशासाठी कोण जाणे.
सदतीसपर्यंत आलो.

खट्.

"चालते," दिलावर म्हणाला.
चष्म्यावर धुकं धरलेलं.
"थोडं तेल घाल."

मी तिसरा दांडा ओढला.
ताकालासुद्धा फेस आला.