सात इंच

कोटेशनमध्ये यंत्राची रुंदी : चार फूट.
साहेब म्हणाले, आणि गल्लीची?
म्हणून टेप घेऊन गेलो, पहाटे पाचला.
शटरं बंद, ओट्यांवर मांजरं,
दहीपुलाकडून येणारा ओल्या पुठ्ठ्यांचा वास.

टेपचं दुसरं टोक शेवंता निरभवणेने धरलं,
सत्तावीस वर्षं खराटा धरला तसं,
अंगठा आत दाबून.
हुंडीवाला लेन, साडेसहा.
पुढे वळणावर पाच.
आणि एका पायरीपाशी
चार फूट सात इंच.

‘पायरी सोनाराची,’ ती म्हणाली,
‘तो काय हलवतोय? मीच वळसा घालते.’

किंमत अठरा लाख. मार्जिन पंचवीस टक्के.
बचत गटाचे साडेचार जमलेत,
पिशवीत अकरा पासबुकं, रबर लावलेली.
तारण? यंत्रच.
जामीनदार?
तिने बंद शटरांकडे पाहिलं
आणि स्वतःचंच नाव पुन्हा सांगितलं.

या गल्लीत म्हणे एका चिठोऱ्यावर
पार सुरतेपर्यंत पैसा चालायचा.
माझ्या अर्जाला सव्वीस रकाने.
एकातही गुडघे नाहीत.

अहवालात लिहिलं : मार्ग योग्य.
दोन्ही अंगांना साडेतीन-साडेतीन इंच.
पालिकेचं बिल वेळेवर निघालं
तर हप्त्यालाही तेवढीच जागा उरते,
हे लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

टेप गुंडाळताना तिने तो पदराने पुसून दिला.
मंजुरी मंगळवारच्या बैठकीत.
तोवर पायरीखालचा कचरा
ती वाकून काढत होती,
आणि मी, उगाच,
पाय उचलून उभा.