डिड

मालाडला सहाव्या मजल्यावर सिक्वेरा सरांनी
फळ्यावर तोंडाचा उभा छेद काढून शिकवलं :
न्यूझीलंडचा ए सरकत इ-पाशी जाऊन बसतो.
पेनची पिन होते, बेडचं बिड.
आम्ही हसलो. टेस्टमध्ये पास झालो.

पहाटे पावणेचार. तिकडे ऊन वर आलेलं.
बाई म्हणाल्या, मिस्टरांच्या नावचं कनेक्शन बंद करा,
ही इज डिड.

मी विचारलं, डिड व्हॉट, मॅडम?

लाइनवर बराच वेळ किटलीचा आवाज.
मग म्हणाल्या, विशेष काही नाही गं,
गल्लीतल्या सगळ्यांचे नळ दुरुस्त केले.
एकेचाळीस वर्षं.

घरी आई : हापिसात काही झालं का?
दात घासताना आरशात
मी जबडा थोडा खाली नेला.
डेड.
अजून थोडा.